भाऊजींची दुर्बीण

आमचे भाऊजी गेले तेव्हा दहाव्याला जमलेल्या मंडळींनी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं बोलून घेतलं. कोणीतरी म्हणालं, "नजर होती हो मानसाले." मी पदर पुढे ओढून बसले होते म्हणून माझं तोंड कोणाला दिसलं नाही. नजर! ज्या माणसाने हातात ती दुर्बीण आल्यापासून मरेपर्यंत एकही गोष्ट नुसत्या डोळ्यांनी धड पाहिली नाही, त्याला म्हणे नजर होती.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर दिगंबरराव, गावाचे दिगूभाऊ. सकाळी दात घासून झाले की ते गच्चीवर चढत. बंदुकीवरची दुर्बीण काढून खिशात नेलेली असे. ती डोळ्याला लावून अमडापूरच्या रस्त्यावर कोण आलं, कोण गेलं याची बातमी ते वरूनच घरात देत. एकदा ओरडले, "वहिनी, दादा फाट्यावर उतरले. हातात मेथीची जुडी हाये." मी लसूण सोलून तयार ठेवला. अर्ध्या तासाने आमचे हे घरी आले ते हिरव्या नायलॉनच्या दोरीचं बंडल घेऊन. भाऊजी जिन्यावरून उतरत म्हणाले, "रंग तं बरोबर सांगितला ना?" असं त्यांचं असे. चुकलं तरी काच कधी चुकत नसे, मेथीनेच दोरीचं रूप घेतलेलं असे.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही ते नेलंही. पुढे त्याच काचेपायी वच्छलाचा पाय कायमचा अधू झाला. वच्छला वीस वर्षं आमच्या वावरात कापूस वेचायला येत होती, बायांची टोळी तीच घेऊन यायची. त्या सकाळी तिला "आत जा" म्हणून सांगणारी मी होते. मी, पस्तीस वर्षं शाळेत मुलांना "आधी नीट पाहा, मग लिहा" असं शिकवलेली बाई. भाऊजींची स्तुती ऐकून मला जो संताप आला त्यातला थोडा माझ्यावरचाही आहे, हे आधीच सांगून टाकते.

बंदूक सासऱ्यांची. पीकसंरक्षणाचा परवाना होता, तीनशे पंधराची जुनी रायफल होती, आणि सासऱ्यांनी ती उभ्या जन्मात हवेतच उडवली. डुकरं आली की एक बार आभाळात, डुकरं पसार, सासरे झोपायला मोकळे. त्यांच्यामागे परवाना भाऊजींच्या नावावर झाला आणि घरात शिकारी जन्माला आला. तोवर भाऊजींनी उंदीरही मारलेला नव्हता. उंदराचं औषधसुद्धा माझी जाऊच ठेवायची.

पुढे डुकरांचा त्रास फारच वाढला. हरभरा उगवून वर आला की एका पहाटेत अर्धा एकर उकरून ठेवायची. रीतसर अर्ज केला की डुकरं मारायला फॉरेस्टची परवानगी मिळायला लागली. भाऊजींनी अर्ज करण्याच्या आधी दुर्बीण मागवली. जर्मनीची, दिल्लीच्या दुकानातून. किंमत त्यांनी आमच्या यांना एक सांगितली, बायकोला त्याहून कमी सांगितली आणि पाहुण्यांना दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त. खरी किंमत मला आजही माहीत नाही. एवढं माहीत आहे की त्या वर्षी विहिरीवरची मोटर जळली ती दुसऱ्या वर्षापर्यंत तशीच राहिली.

आता गंमत अशी की त्या म्हाताऱ्या रायफलीवर दुर्बीण बसवायची सोयच नव्हती. भाऊजी ती घेऊन चिखलीला गेले, ट्रॉलीचे हुक आणि नांगराचे फाळ दुरुस्त करणाऱ्या लेथवाल्याकडे. त्याच्याकडून लोखंडी पट्टी वाकवून घेतली, तिला भोकं पाडली. दुर्बीण आत लटपटत होती. लेथवाला बिचारा शहाणा. तो म्हणाला, "भाऊ, बार झाल्यावर हे हालन ना." भाऊजींनी त्याच्याच दुकानातल्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापायला लावला आणि मध्ये कोंबला. जर्मनीतल्या कारागिरांनी केसाचा फरक पडू नये म्हणून जी वस्तू घडवली ती आमच्याकडे येऊन ट्यूबच्या रबरावर टेकली. घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, "फिट बसली, वहिनी. आता डुकरानं आपलं मृत्युपत्र करून ठेवावं."

ही फिट बसलेली दुर्बीण दिवसातून दोनदा निघे. सकाळी गच्चीसाठी आणि पाहुणा आला की चहानंतर. रुपयाचं नाणं स्क्रूमध्ये घालून भाऊजी ती सोडवत, पाहुण्याच्या डोळ्याला लावत आणि विचारत, "त्या लिंबावर काय हाये?" पाहुणा म्हणे कावळा. भाऊजी म्हणत, "कावळा तं हायेच. त्याच्या चोचीत काय हाये ते सांगा." पाहुणा चहाला जागून काहीतरी सांगे. मग नाण्यानेच दुर्बीण परत जागेवर. खंडेनवमीला तर तिला बंदुकीपासून वेगळा पाट मिळाला, कारण ती बंदुकीपेक्षा महाग. भटजींनी हळदकुंकू वाहिलं ते नेमकं काचेवर. भाऊजींनी धोतराच्या सोग्याने पुसलं. गुलाबी डाग कडेला राहिला तो राहिलाच.

आमचा जुना सालगडी किसन एकदा म्हणाला, "भाऊ, एकडाव दगडावर दोन बार मारून पाहा लागते. दुर्बीण अन् नळी एका रांगेत हाये का नाही ते समजन." मी तिथेच शेंगा निवडत होते. बंदुकीतलं मला काही कळत नाही, पण हे बोलणं कोणालाही पटावं असं होतं. भाऊजींनी किसनकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्याने देवळात चप्पल घातली.

"काडतूस का दगडासाठी असते बे?"

"तसं नाही भाऊ, पण..."

"वर्षाचे मोजके काडतूस भेटतात. अन् ही काय तुया घरची गोफण हाये का? कंपनीतून सेट होऊन येते ही."

कंपनीने ती कुठल्या नळीशी सेट केली होती, चिखलीच्या पट्टीशी की ट्यूबच्या रबराशी, हे विचारायची किसनची छाती नव्हती. माझी होती, पण मी शेंगा निवडत राहिले. घरात शांतता राहावी म्हणून बायका जी शेकडो वाक्यं गिळतात त्यातलं ते एक.

अलीकडे माझा भाचेजावई विचारत होता, "मामी, असल्या महागाच्या दुर्बिणीचा शिकारीला खरंच उपयोग असतो का?" मी त्याला खरं तेच सांगितलं. काच अप्रतिम होती. मी स्वतः पाहिलं आहे, लिंबावरच्या गांधीलमाशीच्या कमरेवरचे पट्टे मोजता येत होते. पण आमच्याकडचं डुक्कर गांधीलमाशी नाही आणि लिंबावर बसत नाही. ते तुरीतून चाळीस पावलांवर निघतं, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच दुसऱ्या तासात, म्हणजे पलीकडच्या ओळीत, शिरतं. तेवढ्या जवळच्या जनावराला पंचवीस पट मोठं केलं की जनावर दिसतच नाही, केस दिसतात. त्या दुर्बिणीला ते कमी करायची चकती होती. पाच पटांवर आणता येई. मी ते एकदा म्हणून पाहिलं. भाऊजींचं उत्तर मी अजून विसरले नाही. "पैसे पंचविसाचे देल्ले वहिनी, मंग पाचावर काऊन ठेवू?"

चकती पंचवीसवरच गंजली म्हणा ना. पहिल्या दोन वर्षांत त्यांनी चार बार केले. एक कुठे गेला कळलं नाही. एकाने बांधावरच्या बोरीची फांदी आणली. एक आमच्याच पाण्याच्या टाकीतून आरपार गेला आणि दोन्ही बाजूंनी पाण्याच्या धारा लागल्या. भाऊजी मचाणावरून ओरडले, "टाकी मधात आली!" टाकी सात वर्षं त्याच जागी होती. चौथ्याबद्दल ते बोलत नसत. दर वेळी वाऱ्याचा दोष, नाहीतर डुकराचा. डुक्कर सरळ उभं राहत नाही ही त्यांची कायमची तक्रार. कोणी शंका घेतलीच तर ठरलेलं वाक्य येई, "काचेले खोटं बोलता येत नाही." हे ते इतक्या ठामपणे म्हणत की समोरच्याला आपणच खोटे वाटायला लागू.

वच्छलाचा पाय अधू झाला त्या दिवशी सकाळी साडेसहाला बार ऐकू आला. आम्ही मळ्यातल्या घरी राहायचो, मचाण घरापासून हाकेच्या अंतरावर. मचाणापुढे हरभऱ्याची पट्टी, तिच्यापलीकडे कपाशी आणि कपाशीत तुरीचे तास. तूर माणसापेक्षा उंच झालेली. मी चहा ठेवून बाहेर आले तर किसन बांधावरून मचाणाकडे चालला होता. भाऊजी वरच बसलेले, डोळा काचेला.

"भाऊ, बार झाल्यावर डुकरानं मागचं अंग टाकलं होतं," किसन खालून म्हणाला. "म्या पाह्यलं. जाऊन रगत पाहा लागते."

"कोठून पाह्यलं बे तू?"

"बांधावून."

"उघड्या डोळ्यानं?"

"हाव."

"मंग झालं. उघड्या डोळ्यानं तं कोंबडीबी पाह्यते."

भाऊजी मोठ्याने हसले. किसन हसला नाही. पण तो सालगडी आणि ते मालक, तो परत बांधावर जाऊन उभा राहिला. जखमी जनावर तुरीत दबून बसलं तर काय करतं हे त्याला माहीत होतं. ज्याने बार केला त्यानेच माग काढायचा, ही त्याच्या मते साधी माणुसकीची गोष्ट होती. बंदूक नसलेल्या माणसाने एकट्याने तुरीत शिरायचं म्हणजे जिवाशी खेळ.

साडेआठला वच्छला पाच बायांना घेऊन आली. कमरेला कापसाची ओटी बांधता बांधता तिने मला विचारलं, "बाई, सकाळी बार आयकू आला. डुक्कर तुरीत तं नाही शिरलं?"

चांगला, सरळ प्रश्न होता. मी मचाणाकडे तोंड करून ओरडले, "भाऊजी, लागली का हो त्याले? बाया आत जाऊन राह्यल्या."

"साफ हुकली, वहिनी!" वरून उत्तर आलं. "नाल्याकडं पळालं ते. मी काचेतून पाह्यलं. जाऊ द्या बायाले."

किसनने माझ्याकडे पाहिलं. मला ते कळलं होतं, न कळल्याचं ढोंग मी इथे करणार नाही. वर्षानुवर्षं मी त्या दुर्बिणीला हसत आले होते. मेथीची गोष्ट तर मी माहेरी जाऊन नक्कल करून सांगितली होती. तरी त्या क्षणी मला वाटलं, एवढी महागाची वस्तू, एवढ्या मोठ्याने सांगतात, काहीतरी खरं असणार. हरभऱ्याच्या पट्टीतून चालत जाऊन पाहायला दोन मिनिटं लागली असती. चूल पेटलेली होती, चहा उतू जाईल म्हणून मी वळले. वळता वळता म्हणाले, "जा वं वच्छला. भाऊजीनं पाह्यलं."

ती गेली. माझ्या शब्दावर गेली, भाऊजींच्या नाही. भाऊजींना ती किती ओळखत होती हे तिच्या तोंडावरच दिसायचं.

ओरडणं ऐकू आलं तेव्हा मी चहा गाळत होते. किसन काठी घेऊन धावला, मागून बाया बोंबलत बाहेर आल्या. डुक्कर तुरीतून उठून तिच्या अंगावर आलं होतं, मांडीपासून पोटरीपर्यंत सुळ्याने फाडत गेलं होतं. किसनने काठ्या घालून त्याला पळवलं. ते तीन पायांवर पळालं, हे सगळ्या बायांनी पाहिलं. आम्ही वच्छलाला चादरीत घालून टेम्पोत ठेवलं. तिने माझं मनगट धरलं होतं, ते आमच्या यांनी तिचं एकेक बोट उकलून सोडवलं, आणि तिला घेऊन ते बुलढाण्याला गेले. माझ्या हातावर तिचं रक्त आणि कापसाचे तंतू चिकटले होते. भाऊजी तोवर मचाणावरून उतरून आले आणि म्हणाले, "हे दुसरंच डुक्कर असन."

त्या वाक्याने माझ्या मनातून तो माणूस कायमचा उतरला. चूक कोणाच्याही हातून होते. रडले असते, गप्प बसले असते, तरी मी त्यांना माफ केलं असतं. समोर एक बाई रक्तात न्हालेली गेली आणि याला काळजी दुर्बिणीच्या अब्रूची.

दुपारी फॉरेस्टचा गार्ड पंचनाम्याला येणार होता. मी हात धुतले आणि मचाणापासून चालायला लागले. पावलं मोजली, त्रेचाळीस भरली. तुरीच्या कडेला हरभऱ्याच्या पाल्यावर रक्त वाळून काळं पडलं होतं. काळे राठ केस होते, एका बाजूला हाडाची बारीक कपची होती. तिथून तुरीच्या पानांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर रक्ताचे पुसट फराटे, ओळीओळीने पुढे, थेट त्या जागेपर्यंत जिथे वच्छलाची ओटी सांडून कापूस पसरला होता. किसन मागे आला होता. तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या मोडून रक्ताच्या खुणांपाशी जागोजागी खोवत होता.

गार्ड पोरगेलासा होता, नम्र. भाऊजींनी त्याला आधी चहा पाजला. मग मचाणावर नेलं आणि दुर्बीण त्याच्या हातात दिली. "पाहा साहेब, इथून तुरीची शेंग न् शेंग दिसते. बार लागला असता तं मले दिसलं नसतं का? ते बाईच आत घुसली, काडीनं डिवचलं असन तिनं डुकराले. या बायाले सांगून समजत नाही." मी खाली उभी होते. वीस वर्षं आमचा कापूस वेचणारी बाई, तिकडे तिच्या पायाला टाके पडत होते आणि इकडे तिला मूर्ख ठरवून कागदावर घालणं चाललं होतं. लिहून घेता घेता गार्डने मला विचारलं, "तुम्ही पंच म्हणून सही करता ना, बाई?"

मी म्हणाले, "हे लिहिलेलं खोटं आहे."

भाऊजी वरून वाकले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "वहिनी, तुमी तं घरात होत्या. घरातून तुमाले काय दिसलं?"

"घरातून काहीच दिसलं नाही, भाऊजी. मी चालत गेले."

गार्ड खाली उतरला आणि माझ्यामागे निघाला. काड्यांच्या ओळीने आम्ही पुढे गेलो. भाऊजी उतरले नाहीत. डुक्कर दुसऱ्या दिवशी नाल्यात मेलेलं सापडलं, मागच्या पायाच्या खुब्यात गोळी होती. तरी भाऊजींचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की गोळी दुसऱ्या कोणाची तरी. बंदूक जमा झाली. आमचे हे मला एवढंच म्हणाले, "घरातली गोष्ट होती." मी म्हणाले, पाय घरातला नव्हता. त्यानंतर भाऊजी माझ्याशी बोलले ते फक्त मीठ-पाणी मागण्यापुरतं, आणि मला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. दहाव्याचा स्वयंपाक मात्र मी मनापासून केला.

पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. खरं सांगते, जाताना माझी मान जरा ताठ होती. सख्ख्या दिराविरुद्ध सही करून आले होते. वच्छलाचा पाय उशीवर ठेवलेला, तोंड पांढरं पडलेलं. मी तिला सगळं सांगितलं, काड्या, रक्त, गार्डने आधीचा कागद फाडला ते, मी नवीन कागदावर सही केली ते. ती डोळे मिटून ऐकत होती.

"बरं केलं, बाई," ती म्हणाली. मग तिने डोळे उघडले. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला नुसतं विचारायचं होतं. "पण आमाले आत धाडायच्या आंदी काऊन नाही गेल्या तुमी?"

मी तिच्या पायावरची चादर नीट करत राहिले.